बाळाशिवायचा सव्वा महिना: टमी टकची तयारी आणि नंतरचे दिवस

साताऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं बायकांची मापं घेतेय. कमरेला टेप लावला की बाई पोट आत ओढते, हे मी रोज बघते. मग पडद्याआड ती जे बोलते ते घरी कुणाशी बोललेली नसते. 16 जानेवारी 2024 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यात माझी टमी टकची, म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी काढून आतला ढिला भाग आवळायची, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून माप द्यायला आलेल्या बायका दार लोटून घेऊन विचारतात: दुखतं का, किती दिवस झोपून राहावं लागतं, सासूला काय सांगितलंत. प्रत्येकीला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहिते. मी डॉक्टर नाही. गोळ्या-औषधांचं जे इथे आहे ते आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा. घराचं आणि कपड्यांचं जे सांगतेय ते मात्र मी स्वतः करून बघितलेलं आहे.

शस्त्रक्रिया सव्वातीन तास चालली. त्या सव्वातीन तासांची तयारी डॉक्टर करतात. नंतरचे सहा आठवडे आपल्याच घरात काढायचे असतात आणि त्यांची तयारी आपल्याला करावी लागते. बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना कुणी बादली उचलू देत नाही. इथे काप सिझेरियनच्या दुप्पट-तिप्पट लांब असतो, पण पाळण्यात बाळ नसतं. त्यामुळे आठव्या दिवशी घराला वाटायला लागतं की ही आता उठली. तो सव्वा महिना आधीच तोंडाने मागून घ्या, तारखांसकट.

हे आपल्यासाठी आहे का

मला आधी मुलगी, मग जुळे मुलगे. दोन्ही वेळा सिझेरियन. जुळ्यांच्या वेळी पोट इतकं ताणलं की मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले ते जवळ आलेच नाहीत. उताणं झोपून मान उचलली की बेंबीच्या वर उभा फुगवटा यायचा आणि मधल्या खाचेत माझी तीन बोटं आडवी मावायची. सोनोग्राफीत अंतर साडेचार सेंटीमीटर निघालं, बेंबीपाशी लहानसा हर्नियाही होता. दोन तास मशीनवर बसलं की कंबर धरायची. आधी सहा महिने फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम केला. कंबर बरीच सुधारली, पण बेंबीखाली लोंबणारी कातडी तशीच राहिली. ताणून सैल पडलेली कातडी व्यायामाने आटत नाही. तरीही आधी व्यायाम करून बघा, काहींचं तेवढ्यावर भागतं.

शस्त्रक्रियेत काय करतात हे मला शिवणाच्या भाषेत चटकन कळलं. ओटीपोटावर एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत आडवा काप घेतात. कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सुटा करतात. मधला ढिला पडदा वरपासून खालपर्यंत टाके घालून आवळतात, आपण ढगळ कापडाला टक घेतो तसा. मग कातडी खाली ओढून जादाची कापतात आणि कडा शिवतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागीच राहते. ओढून घेतलेल्या कातडीला नवं काज पाडून ती त्यातून बाहेर काढतात. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे काज चुकलं की सगळा ब्लाउज वाकडा दिसणार. ते म्हणाले, अगदी बरोबर.

ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया नाही. मी 84 किलोंवरून 68 वर आले, तिथे आठ महिने टिकले, मग तारीख मिळाली. वजन अजून उतरत असेल तर थांबा. पुढे मूल हवं असेल तरी थांबा, कारण पुन्हा दिवस गेले की घातलेला टक पुन्हा ताणला जातो.

आणि मिश्री. आमच्या भागात बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं की मनापासून नाही म्हणतात. मीही म्हटलं. त्यांनी पुढचाच प्रश्न मिश्रीचा विचारला. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ओढलेल्या कातडीच्या मधल्या खालच्या कडेला रक्त आधीच सगळ्यात लांबून येत असतं. ते कमी पडलं की कातडी काळी पडते, जखम उघडते. किमान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत पूर्ण बंद, असं सांगितलं. माझी अठरा वर्षांची सवय. दोन महिने आधी सोडली, पहिले दहा दिवस डोकं फुटायची वेळ आली, बडीशेप चघळून काढले. कुणी लावत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. लपवलं तर त्याची किंमत आपल्याच पोटाला मोजावी लागते.

डॉक्टर, पैसे, कागद

पहिल्यांदा मी ज्या क्लिनिकमध्ये गेले तिथे सांगितलं, तीन दिवसांत कामाला लागाल, आज ॲडव्हान्स भरला तर सवलत. मी पिशवी उचलून बाहेर आले. पोट उघडायचा निर्णय सवलतीच्या मुदतीत घ्यायचा नसतो.

विचारायच्या गोष्टी मी ऑर्डरच्या वहीत लिहून नेल्या होत्या. जनरल सर्जरीनंतर प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का. भूल देणारे डॉक्टर कोण. गरज पडली तर आयसीयू त्याच इमारतीत आहे का. सगळ्यात महत्त्वाचं, घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार. या शेवटच्या प्रश्नाला ज्यांनी सरळ उत्तर दिलं आणि आपला नंबर वहीत लिहून दिला, त्यांच्याकडे मी केलं.

खर्च विचारताना शस्त्रक्रिया, भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, पोटाला बांधायचा पट्टा, औषधं, पुढच्या भेटी असं सुटं सुटं लिहून घ्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरलाय का विचारा. आरोग्य विम्यात टमी टक बसत नाही. हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीचा भाग बसू शकतो, पण ते विमा कंपनीला आधीच लेखी विचारा आणि बिलात दोन्ही खरंखुरं वेगळं दाखवा. खोटं बिल करून देतो म्हणणाऱ्याकडे पोट देऊ नका.

दोन महिने आधीपासून

माझं हिमोग्लोबिन 9.4 निघालं. आपल्याकडच्या किती बायकांचं हे असंच असतं. अडीच महिने लोहाच्या गोळ्या जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर घेतल्या, गोळीच्या आगेमागे चहा बंद केला, ते 12 वर आलं तेव्हा तारीख पक्की झाली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त गोठण्याची तपासणी, हे सगळं होतंच.

घरात असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. ॲस्पिरिन, अंगदुखीच्या काही गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काय बंद करायचं आणि कधी, हे त्यांनीच ठरवायचं. हृदयासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. गर्भनिरोधक गोळ्या सांगा. आणि सणासाठी, हळदीकुंकवासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही सांगा. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका या गोळ्यांनी वाढू शकतो, आणि या शस्त्रक्रियेत सगळ्यात घाबरायचं ते त्या गाठीलाच. संक्रांत तोंडावर होती म्हणून मी मुद्दाम लिहिते.

दिवस मी पौषातले निवडले. पौषात लग्नं नसतात, दुकानाला उसंत असते. थंडी असते, त्यामुळे सहा आठवडे पोटाला पट्टा बांधून राहणं सुसह्य होतं. एप्रिल-मेच्या घामात तो पट्टा काय झाला असता याची कल्पना करवत नाही. पावसाळ्यात धुतलेला पट्टा वाळत नाही.

आता कपडे. परकराची नाडी नेमकी कापाच्या आसपास येते, त्यामुळे साडी-परकर विसरा. पुढून पूर्ण उघडणारे तीन सुती गाऊन मी शिवले. डोक्यातून घालायचे गाऊन घेऊ नका, पहिला आठवडा हात वर करून ताठ उभंच राहता येत नाही. गाऊनला आतून, कमरेखाली चार इंचांवर, दोन्ही बाजूंना खिसे लावले, रुंदी पाच इंच आणि खोली सात. ड्रेनचे, म्हणजे आत साठणारं पाणी ओढून घेणाऱ्या नळ्यांचे, फुगे त्यात बसतात. हॉस्पिटलात ते सेफ्टी पिनेने कपड्याला अडकवून देतात, ती पिन निसटली की फुगा लोंबतो आणि नळी टाक्याला खेचते. खिशाने तो प्रश्न मिटतो. पट्ट्याच्या आत घालायला मऊ सुती बनियन घ्या आणि ती उलटी घाला, शिवण बाहेर. कातडी बधिर असते, शिवणीचा वळ उठला तरी आपल्याला कळत नाही.

घरात करून ठेवलं ते असं. भारतीय संडासात उकिडवं बसणं सहा आठवडे बंद, म्हणून कमोडची खुर्ची भाड्याने आणली. पलंगाला उशा रचून पाठ उंच आणि गुडघ्याखाली दोन उशा, म्हणजे पोटावर ताण येत नाही. हाताशी टेबल, त्यावर तांब्या-भांडं, गोळ्या, फोन, वही. लागणारं सगळं कमरेच्या उंचीवर; वरच्या फळीवरचं खाली, जमिनीवरचं वर. गॅसचा भरलेला सिलिंडर आधीच बदलून घेतला.

आणि भिंतीवर तक्ता लावला. उभे सहा आठवडे, आडवी कामं: पाणी भरणं, बादल्या, कणीक मळणं, धुणं वाळत घालणं, देवपूजा, मुलांचे डबे, दुकानाचं शटर. प्रत्येक रकान्यात नाव. कणीक मळायला पोट लागतं हे मला आधी माहीत नव्हतं. परातीवर वाकून जोर दिला की सगळा ताण मधल्या टाक्यांवर येतो. कणकेपुढे थोरलीचं नाव, बादल्यांपुढे ह्यांचं, शटरपुढे दुकानातल्या मुलीचं. सासूबाई आधी म्हणाल्या, एवढं लिहून कशाला लावायचं, आम्ही काय करणार नाही का. मी म्हटलं, तुम्ही कराल हो, मीच उठेन म्हणून लावलंय.

आदल्या दिवशी आणि हॉस्पिटलात

भोगीची भाजी, संक्रांतीची पोळी सगळं खाल्लं, संक्रांतीच्या रात्री हलकं जेवले. उपाशी कधीपासून राहायचं, पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं हे भूलतज्ज्ञ सांगतात, ते मिनिटाला धरून पाळा. सांगितलेल्या साबणाने अंघोळ. केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमा होतात. लागलं तर तिथे मशीनने काढतात. नखांचं पॉलिश पुसा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, बांगड्या सगळं उतरवावं लागतं. संक्रांतीला नव्या बांगड्या भरलेल्या, दुसऱ्या दिवशी काढायच्या म्हणून सासूबाईंचा जीव खालीवर झाला. मी त्या त्यांच्याच हातात दिल्या आणि सांगितलं, घरी आले की तुम्हीच घाला.

सकाळी डॉक्टर उभं करून पोटावर पेनाने खुणा करतात. तुम्ही नेहमी नाडी कुठे बांधता, निकर कुठपर्यंत येते ते तेव्हाच दाखवा. व्रण त्याखाली झाकला जाईल अशी आखणी शक्य तितकी करतात. मी नेहमीचा परकर घेऊनच गेले होते.

जाग आली तेव्हा पोटावर कुणीतरी पोत्याची थप्पी ठेवल्यासारखं वाटलं. दोन्ही पोटऱ्यांना मशीनची पट्टी, ती रात्रभर आळीपाळीने दाबत आणि सोडत होती, रक्त साकळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि नर्सने उठवलं. उठायची पद्धत आधी घरी दहा वेळा करून बघा: कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, हाताने रेटून बसायचं. सरळ उठायला जायचं नाही, पोटाला अजिबात लावायचं नाही. मी वाकून, आजीसारखी, खाटेपासून दारापर्यंत सात पावलं गेले. घाम फुटला. पण ते चालणंच औषध आहे. दर दोन तासांनी पाच मिनिटं, वाकूनच. ताठ व्हायची घाई करायची नाही, आठ-दहा दिवसांत पाठ आपोआप सरळ होते.

पहिले दहा दिवस

दोन रात्री हॉस्पिटलात काढून मी थेट साताऱ्याला आले नाही. पुण्यातच, धायरीला धाकट्या बहिणीकडे राहिले, ड्रेन निघेपर्यंत. लांबच्या गावाहून येणार असाल तर हे जमवाच.

ड्रेन म्हणजे दोन नळ्या, टोकाला प्लॅस्टिकचा फुगा, आत साठणारं पाणी त्यात ओढलं जातं. सकाळ-संध्याकाळ हात साबणाने धुवायचे, झाकण उघडायचं, मापाच्या कपात ओतायचं, फुगा पूर्ण दाबून हवा काढायची, दाबलेला असतानाच झाकण लावायचं. बहीण पहिल्या दिवशी दाबायला विसरली, रात्रभर ओढच नव्हती. मिली वहीत लिहा, डावा-उजवा वेगळा. माझं पहिल्या दिवशी 95 आणि 70, लाल. चौथ्या दिवशी 50 आणि 40, गुलाबी. नवव्या दिवशी दोन्हीकडे पंचविसाच्या आत, पिवळसर. दहाव्या दिवशी नळ्या काढल्या. आकडा हळूहळू उतरायला हवा. एकदम वाढला किंवा पिवळं झालेलं पुन्हा भडक लाल झालं तर लगेच फोन.

दुखणं गोळ्यांनी आवाक्यात राहिलं. मला जास्त छळलं ते शौचाने. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आणि झोपून राहण्याने पोट गच्च होतं, आणि कुंथायचं तर नसतं. पहिल्या दिवसापासूनच सारक औषध मागून घ्या, भरपूर पाणी, पपई, ताक. शिंक, खोकला, हसू, तिन्हीसाठी छोटी उशी कायम जवळ. आली की पोटाशी घट्ट धरायची. आणि फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. बहिणीने सुक्या मिरचीची फोडणी दिली, तो ठसका मला अजून आठवतो.

खाण्यात अंडी, मुगाचं वरण, मटकी, पनीर, मासे. जखम भरायला प्रथिनं लागतात. पापड, लोणचं, फरसाण बाजूला, मिठाने सूज वाढते. आई डिंकाचे लाडू घेऊन आली. एक खाल्ला, डबा मुलांना दिला.

पट्टा किती आवळायचा? आत दोन बोटं जायला हवीत आणि पोटभर श्वास घेता यायला हवा. घट्ट बांधलं की पोट लवकर आत जातं ही समजूत आहे. खालची कड गुंडाळी होऊन जांघेत रुतू देऊ नका, दर उठण्याला हाताने सपाट करा. दोन पट्टे घ्या, एक अंगावर, एक दोरीवर.

सहाव्या दिवशी मी खूप रडले. पोट आधीपेक्षा मोठं दिसत होतं, कंबर वाकलेली, लघवीला जायला बहिणीचा हात. चांगलं धडधाकट शरीर आपण का कापून घेतलं असं वाटत राहिलं. हे जवळपास सगळ्यांना होतं असं डॉक्टर म्हणाले, आणि चार दिवसांत खरोखर ओसरलं. त्या दिवशी आरशापुढे जाऊ नका आणि कुणालाही फोटो पाठवू नका.

आता लक्षणं, ही घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवीत. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा. अचानक धाप, छातीत दुखणं. ताप 101 च्या वर. जखमेतून वास किंवा पू, कातडी काळी-जांभळी. एका बाजूला एकदम टरटरून फुगणं. धाप आणि छातीत दुखणं असेल तर वाट बघायची नाही, 108 ला फोन करून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात.

साताऱ्याला परत

बाराव्या दिवशी गाडीने निघालो. सीटबेल्ट कापावर येऊ नये म्हणून खालचा पट्टा मांड्यांवर नीट बसवला आणि मध्ये चपटी उशी धरली. शिरवळला उतरून दहा मिनिटं चालले, मग खंबाटकी चढलो. वळणांवर ह्यांनी गाडी इतकी हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवत होते. गाडीत सलग तासाभरापेक्षा जास्त बसायचं नाही, पावलं वरखाली हलवत राहायची.

घरी आल्यावर दोन गोष्टी घडल्या, त्या नीट वाचा.

चौदाव्या दिवशी आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. दोन्ही बाळंतपणांत तिनेच मला शेकशेगडीवर शेकलं होतं. म्हणाली, पोट गार पडलंय गं, शेक लागला की सूज उतरेल. पिशवी बेंबीखाली ठेवली. मला काहीच लागलं नाही, ना गरम ना गार. थोरलीने सहज हात लावला आणि ओरडली, "आई, केवढं कढत आहे हे!" बाजूला केली तर कातडी लाल झालेली. कातडी सुटी करताना बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर असतो. तिथे पिशवी, शेगडी, बर्फ, काहीच ठेवायचं नाही. फोड आला तरी आपल्याला कळणार नाही. आईला फार वाईट वाटलं. मी तिचा हात माझ्या पोटावर ठेवून दाखवलं की तिचा हातही मला कळत नाहीये. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझे पाय चोळून द्यायची. तळपाय, बोटं, तेवढंच. पोटरी जोराने रगडायला डॉक्टरांनी मनाई केली होती. हळद, आंबेहळद, तेल, तूप जखमेवर काही नाही.

दुसरी चूक माझी. एकोणिसाव्या दिवशी बरं वाटत होतं म्हणून खाली दुकानात गेले आणि अस्तराचा तागा फळीवरून काढला. दोन दिवसांनी डावीकडे पोट हललं की आत पिशवीत पाणी हलावं तसं व्हायला लागलं. पुन्हा पुणे. डॉक्टरांनी सुईने 70 मिली पाणी काढलं, आठवड्याने पुन्हा 30. सुई बधिर जागेत जाते, दुखत नाही, पण दोन खेपा झाल्या. असं पाणी काही न उचलताही साठू शकतं, हे त्यांनी सांगितलं. तरी त्या ताग्याची मला गरज नव्हती. सहा आठवडे पाच किलोंच्या वर काही नाही: भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही, कुणाचं मूल कडेवर नाही.

हळदीकुंकू मी रथसप्तमीला केलं, 16 फेब्रुवारीला, बरोबर एक महिन्याने, खुर्चीवर बसून. वाण थोरलीने दिलं. कशाचं ऑपरेशन असं बायकांनी विचारलं तेव्हा मी हर्निया आणि पोट दोन्ही सांगितलं. लपवलं असतं तर प्रत्येकीसाठी मला उठून उभं राहावं लागलं असतं.

कामाला कधी, व्रणाचं काय

हुक-काजं, फॉल असं हातशिवण चौथ्या आठवड्यात, पाठीला टेकून. मोटरची मशीन सहा आठवड्यांनी, एका वेळी अर्धा तास. पायाची मशीन अडीच महिन्यांनी. स्कूटीही सहा आठवड्यांनंतरच. खड्ड्यात गाडी आदळली की पोट आपोआप आवळतं. पोटाचे व्यायाम तीन महिन्यांनी, पुन्हा त्याच फिजिओथेरपिस्टकडे. तुमचे आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील.

सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. मी दर रविवारी सकाळी एकाच वेळी टेप लावायचे. रोज मापलं तर मन उगाच वरखाली होतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत माप हलत राहतं, म्हणून तोवर नवे ब्लाउज-ड्रेस शिवू नका.

माझा व्रण साडेसतरा इंच. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसातले बारा तास, तीन महिने लावली. पहिले सहा महिने तो लाल आणि थोडा उंच होता, वर्षाने फिका आणि सपाट झाला. कान टोचल्यावर किंवा जुन्या जखमेवर गाठ आली असेल, तर ते आधीच दाखवा. अशा कातडीचा व्रण फुगण्याची शक्यता जास्त असते.

बेंबीखाली तळहाताएवढी जागा अजून थोडी बधिर आहे. कंबर आता चार तास मशीनवर बसलं तरी धरत नाही.

तीन गाऊनपैकी दोन सध्या कोरेगावच्या एका गिऱ्हाईक बाईंकडे आहेत. त्यांनाही तारीख पौषातलीच मिळाली आहे. त्यांचा तक्ता आम्ही दोघींनी दुकानातच बसून केला. बादल्यांच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं यावर त्या बराच वेळ पेन धरून बसल्या होत्या. शेवटी धाकट्या दिराचं घातलं आणि तिथूनच त्याला फोन लावला.